घड्याळवाल्याचा ओटा

आमच्या रस्त्यावर कोणाला पत्ता विचारू नये. विचारलात तर तुम्ही पोहोचणार नाही, आणि सांगणारा मात्र दिवसभर खुशीत राहील की आपण एका परक्या माणसाचं काम केलं.

रस्त्याचं नाव टांगा रस्ता. शेवटचा टांगा इथून गेला तेव्हा मी नुकताच ब्रश धरायला शिकलो होतो. मधे कधीतरी पालिकेनं रस्त्याला एका पुढाऱ्याचं नाव दिलं, चौकात निळी पाटी ठोकली, पण ते नाव लाइटबिलाच्या बाहेर कधी पडलं नाही. बसस्टँडपासून जुन्या जिनिंगच्या फाटकापर्यंत चारशे पावलं, शहराच्या अगदी पोटातून. या चारशे पावलांत तुम्हाला लोक सांगतील, टाकीपाशी वळा. टाकी पाडून पंधरा वर्षं झाली. पिंपळाखाली थांबा म्हणतील. पिंपळ रुंदीकरणात गेला. डॉक्टरच्या पायऱ्या म्हणतील, तिथे एटीएम आहे. आणि याला एक नियमही आहे. माणूस दुकानात बसला आहे तोवर जागेला त्याचं नाव लागत नाही. तो मेला की लागतं, आणि मग सुटत नाही.

मी अश्वजित पेंटर. बसस्टँडच्या तोंडाशी एका जिन्याखाली माझं दुकान आहे. चाळीस वर्षांत या रस्त्यावरचे निम्म्याहून अधिक बोर्ड मी लिहिले. आता फ्लेक्स आले, तेव्हापासून माझ्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेटी, शाळांच्या भिंतींवरची सुवचनं आणि रिकामा वेळ आहे. स्वभाव तापट आहे, हे मला बायकोनं सांगितलं, मुलानं सांगितलं, आणि बहुतेक गिऱ्हाइकांनी न सांगता दुसरीकडे जाऊन कळवलं. पण अक्षर चोख. माझ्या हातून बोर्डावर कधी रंगाचा ओघळ आला नाही, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगत असे.

अक्षराचा अभिमान मला उगीच नाही. माझा आजा याच रस्त्यावर हमाल होता, रुईच्या गाठी वाहायचा, आणि दुकानाच्या ओट्यावर चढायची त्याला मुभा नव्हती. मजुरी खालून हात पसरून घ्यायची. छप्पन्न साली आमच्या घरानं दीक्षा घेतली आणि माझा बाप नागोराव शिकायला लागला. पुस्तकं कुठली? तो संध्याकाळी या रस्त्यावरून चालत दुकानांचे बोर्ड वाचायचा, एकेक अक्षर लावून. ज्या ओट्यांवर आजाला पाय ठेवता आला नाही, त्यांच्या कपाळावर मी माझं अक्षर लिहिलं, आणि कोपऱ्यात नाव आणि साल टाकलं. मला या रस्त्याचा राग येतो तो घरच्या माणसाचा यावा तसा.

इथली आणखी एक रीत सांगितली पाहिजे. जुना बोर्ड इथे कोणी उतरवत नाही. नवा बोर्ड त्याच्यावरच ठोकायचा. कापसाच्या पेढ्यांच्या काळात कोणाचा तरी बोर्ड जमिनीवर पडला आणि हंगामाच्या आत पेढी बुडाली, अशी गोष्ट सांगतात. मी असलं काही मानत नाही, आमच्या बैठकीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. पण या रीतीवर मी कधी टीका केली नाही, कारण तिच्यामुळे माझे सगळे बोर्ड फ्लेक्सखाली जिवंत आहेत.

रस्त्याच्या मध्यावर घड्याळवाल्याचा ओटा आहे. घड्याळवाले म्हणजे मन्सूरभाई, जाऊन सव्वीस वर्षं झाली. त्यांच्यानंतर तिथे एकानं एसटीडी चालवली. तो आता आर्णीकडे पेट्रोल पंपावर आहे आणि ठणठणीत आहे, म्हणून जागेला त्याचं नाव लागलं नाही. आता शामचं मोबाइलचं दुकान आहे. शाम चाळिशीचा, गोड बोलतो, आणि स्वतःचा फोटो फ्लेक्सवर छापायची त्याला हौस आहे.

ओटा मात्र सकाळी दहापर्यंत दुकानाचा नसतो. मन्सूरभाईंच्या आधीपासून तिथे सकाळी जमनी बसायची, बोरी अरबकडच्या बंजाऱ्यांच्या फुलसिंग तांड्यावरून पहिल्या एसटीनं येणारी. थंडीत हरभऱ्याचे घाटे आणि बोरं, उन्हाळ्यात आंबाडी, पावसाळ्यात रानभाज्या. दहा वाजले की टोपलं उचलायची, ओटा झाडायची, आणि मन्सूरभाई शटर वर करायचे. अठ्ठ्याऐंशी साली मन्सूरभाईंनी माझ्याकडून बोर्ड लिहून घेतला तेव्हा त्यावर मोठं घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळाच्या जाहिरातीत काटे नेहमी दहा वाजून दहा मिनिटांवर असतात, ते दिसायला बरं. मी तसंच काढायला निघालो तर ते म्हणाले, बरोबर दहा दाखव. मी वाद घातला. ते हसून म्हणाले, “जमनी को अक्षर नहीं आते, बेटा. काटे आते हैं.” बोर्डावरच्या त्या दहा वाजलेल्या घड्याळाकडे आणि शेजारच्या बँकेतल्या चालत्या घड्याळाकडे पाहून जमनी उठायची. दोन्हींचे काटे जुळले की झालं.

दोनेक वर्षांनी तिची सून रुपीबाई लग्न होऊन आली आणि सासूच्या शेजारी बसू लागली. जमनी गेली तेव्हापासून एकटी बसते. एसटीडीवाल्यानं काही म्हटलं नाही, शामनंही नाही. दहापर्यंत ओटा रुपीबाईचा, हे कुठे लिहिलेलं नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, एवढंच.

गेल्या मार्चमधली गोष्ट. त्या दिवशी सकाळीच शामनं नवा फ्लेक्स चढवला, त्याच्या फोटोभोवती लुकलुकणारे दिवे लावून. माझं डोकं तिथूनच फिरलं होतं. दुपारी साडेबाराच्या उन्हात पालिकेच्या एक मॅडम हातात टॅब घेऊन माझ्या जिन्याखाली आल्या. साधना त्यांचं नाव, साताऱ्याकडच्या, बदलीवर नव्या. मी नंबरप्लेट लिहीत होतो. त्या वाकून पाहत म्हणाल्या, “अजून हाताने लिहिता काका? छान.” पोरानं चित्र काढल्यावर म्हणावं तसं छान. मग त्यांनी विचारलं, या रस्त्यावर घड्याळवाला कुठे आहे?

मी मान वर न करता सांगितलं की तो मेला. त्यांनी विचारलं, मग आता घड्याळाचं दुकान कुठे? मी म्हणालो, “या रस्त्यावर घड्याळाचं दुकान नाही.” यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांनी टॅबवर काहीतरी टिपलं आणि त्या पुढे गेल्या. कशासाठी पाहिजे, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला त्यांच्या छानचा राग आला होता.

पंधरा दिवसांनी रुपीबाई सकाळचा धंदा आटोपून माझ्याकडे आली. पदराच्या गाठीतून तिनं एक घडी केलेला कागद काढला. तिच्या मुलीनं, पुष्पानं, पालिकेतून आणून दिला होता, पण पुष्पाला जेवढं कळलं त्यावर हिचा विश्वास बसत नव्हता. या रस्त्यावर कागद वाचायचा तर लोक माझ्याकडे येतात.

फेरीवाल्यांची यादी होती ती. ज्यांची जागा पाहणीत सापडली त्यांना तिथेच बसण्याचं ओळखपत्र मिळणार होतं. ज्यांची सापडली नाही, त्यांनी बायपासपलीकडच्या नव्या बाजारात जायचं. रुपीबाईचा धंदा सकाळच्या तीन तासांचा. फिरून येणारे म्हातारे, मुलांना शाळेत सोडून परतणाऱ्या बाया, आणि साडेदहाची परतीची एसटी. बायपासवर सकाळी कुत्रंही फिरकत नाही. तिच्यासाठी नवा बाजार म्हणजे धंदा बंद.

मी मोठ्यानं वाचलं. “एकशे सतरा. रुपीबाई धरमसिंग राठोड. नमूद जागा, घड्याळवाल्याचा ओटा. शेरा, सदर जागा आढळली नाही. स्थानिक व्यक्तीच्या सांगण्यानुसार या रस्त्यावर घड्याळाचं दुकान नाही.”

शेवटची ओळ माझीच होती. रुपीबाईनं विचारलं, असं सांगणारा माणूस कोण? मी म्हणालो, असेल कोणी, दिवसभर हजार माणसं येतात इथून. ती कागदाकडे पाहत म्हणाली, “माह्यं त्याच्याशी कायचं वैर होतं?” रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं तिनं. मग कागद गाठीत बांधून तिची एसटी गाठायला गेली.

त्या दिवशी मी एका मोटरसायकलच्या नंबरात तिनाचा आठ केला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. भित्रा माणूस मी स्वतःला कधी समजत नव्हतो, आणि एका बाईपुढे मी चार शब्द गिळून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी ओट्यापाशी गेलो. रुपीबाई आंबाडीच्या जुड्या बांधत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, मॅडम काय विचारायला आल्या, मी काय बोललो, कोणत्या रागात बोललो. ती जुड्या बांधत राहिली. दोऱ्याला गाठ मारून झाल्यावर तिनं वर पाहिलं.

“तुले इचारता नाई आलं भाऊ, कायले पाह्यजे म्हून?”

मी खाली पडलेली एक जुडी उचलून टोपल्यात ठेवली.

“सरक जरा,” ती म्हणाली. “मांगं गिऱ्हाईक उभं हाये.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन शब्द बोलून मोकळा झालो असतो. तसं काही झालं नाही, म्हणून मला काहीतरी करणं भाग पडलं.

हरकतींची सुनावणी गुरुवारी होती. मी रुपीबाईला घेऊन गेलो आणि सोबत साक्षीला रस्त्यावरची पाच जुनी माणसं नेली. पाच साक्षीदार म्हणजे केस जिंकलीच, असं मला वाटत होतं. साधना मॅडमनी एकेकाला विचारलं, हा घड्याळवाल्याचा ओटा नेमका कुठे आहे? पहिला म्हणाला, टाकीच्या अलीकडे. दुसरा म्हणाला, पिंपळाच्या समोरून तिसरं दुकान. तिसऱ्यानं डॉक्टरच्या पायऱ्या सांगितल्या. चौथा म्हणाला, टांगेवाले घोड्याला पाणी पाजायचे तिथून सरळ. ओट्यासमोर चहाची गाडी लावणारी नलू तेवढी शहाणी, तिच्यावर माझी सगळी मदार होती. ती ऐटीत म्हणाली, “माह्या गाडीसमोर. मी छापखान्याजवळ बसतो ना, तिथी.” छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

साधना मॅडमनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही पाचही जण खरं बोलत असाल,” त्या म्हणाल्या. “पण यातलं एकही मला तिथे दिसणार नाही.”

मग मी उभा राहिलो आणि सांगितलं की कागदावरची ती स्थानिक व्यक्ती मीच. त्यांनी मला ओळखलं. विचारलं, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय? मी म्हणालो, “तेव्हा खरंच बोललो, मॅडम. तोच घोळ झाला.” त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मी त्यांना बोर्डांची रीत सांगितली. शामच्या फ्लेक्सखाली एसटीडीचा बोर्ड, त्याखाली मन्सूरभाईंचा, माझ्या हातचा, सालासकट. त्या म्हणाल्या, शनिवारी सकाळी येते, दाखवा. पण एवढं लक्षात ठेवा, बोर्ड निघाला तर तिथे घड्याळाचं दुकान होतं हे ठरेल. या बाई तिथे बसत होत्या हे त्यानं ठरत नाही.

बाहेर जिन्यावर थांबून रुपीबाई एवढंच म्हणाली, की बोर्ड तर दुकानाचंच सांगणार, माझं कुठून सांगणार?

शामला विचारायचं काम त्याहून अवघड निघालं. ओट्यावर रुपीबाईनं बसावं, याला त्याची ना नव्हती. पण बोर्ड उतरवायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. “पेंटरकाका, मी बी तांड्यावरचाच हाव, तिच्यासाठी जीव तुटते,” तो म्हणाला. “पण बोर्ड खाली आला अन् धंदा बसला तं? हप्ते चालू हायेत माहे.” त्याला अंधश्रद्धेवर एक भाषण द्यायला माझी जीभ शिवशिवत होती. या वेळी मी ते गिळलं. रीतीत जमीन आहे, बोर्ड नाही, असं मी त्याला समजावलं. बोर्ड जमिनीला टेकला नाही म्हणजे रीत मोडली नाही. आम्ही हातावर धरतो, आणि पाहून झालं की होता तसा चढवतो. त्यानं वर फ्लेक्सकडे पाहिलं. मग म्हणाला, “माहा फोटो चुरगळला नाई पाह्यजे.”

शनिवारी साडेसातला साधना मॅडम आल्या. रुपीबाई जागेवर बसलेली होती, समोर टोपलं होतं, दोन बाया भाजी निवडत होत्या. सगळ्या रस्त्याला बातमी लागली होती. दुकानं उघडायची वेळ नव्हती तरी दुकानदार हजर होते, नलूनं चहा ठेवला होता. मी शिडी लावली आणि फ्लेक्सच्या फ्रेमचे स्क्रू काढले. फ्रेम खाली आली तशी आठ हातांनी तिला झेललं, शामनं स्वतःच्या फोटोची बाजू धरली. मग एसटीडीचा पत्रा. तो जड होता, त्याखाली सहा माणसं लागली. कापडवाले, चपलावाले, सकाळी फिरायला आलेले दोघे मास्तर, सगळे दोन्ही हातांनी बोर्ड उचलून धरून रस्त्यात उभे. मी शिडीवरून खाली पाहिलं. ज्या रस्त्यावर माझ्या आजाला खालून हात पसरावा लागायचा, तो रस्ता आज एका टोपलंवालीसाठी हात वर करून उभा होता. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगीच पाना शोधत राहिलो.

मन्सूरभाईंच्या बोर्डावर एसटीडीवाल्यानं धूळ येऊ नये म्हणून जाड ताडपत्री ठोकली होती. मी तिचे खिळे काढायला गेलो तेवढ्यात साधना मॅडमनी मला थांबवलं. त्या रुपीबाईकडे वळल्या. “बाई, तुम्ही इथे किती वर्षं बसता?”

“याडीसंगं धरून पस्तीस,” रुपीबाई म्हणाली. सासूला ती याडी म्हणायची, म्हणजे आई.

“मग याच्याखाली काय आहे ते तुम्ही सांगा.”

तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. रुपीबाईनं हातातली जुडी टोपल्यात ठेवली, आणि ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

“अक्षरं मले येत नाईत. घड्याळ हाये मधात. लहान काटा दहावर, मोठा बारावर. अन् सहाच्या खाली लाल रंगाचा ओघळ हाये, येवढा. याडी म्हने, उन्हात लटकून लटकून घड्याळाले घाम आला.”

“ओघळ नाही,” मी शिडीवरून म्हणालो. “माझ्या बोर्डावर ओघळ शक्य नाही.”

“हाये,” रुपीबाई म्हणाली.

“अगं बाई, मी काढलेला बोर्ड मला माहीत नाही?”

“तू काढून गेला, भाऊ. आमी त्याच्याखाली बसलो.”

साधना मॅडम मला म्हणाल्या की तुम्ही आता काही बोलू नका, फक्त खिळे काढा. मी एकेक खिळा काढला. मनातून मी दोन उलट गोष्टी मागत होतो, बोर्डावर ओघळ नसावा आणि असावा. शेवटचा खिळा निघाला, ताडपत्री खाली आली, तीही लोकांनी हातावर घेतली.

पत्रा कडांना गंजला होता, पण मधलं सगळं शाबूत. मन्सूर वॉच कंपनी, सगळ्या प्रकारची घड्याळं दुरुस्त करून मिळतील. कोपऱ्यात अश्वजित पेंटर, ८८. मधोमध पांढरं घड्याळ, बरोबर दहा वाजलेलं. आणि सहाच्या आकड्याखाली बोटभर लांब, ठळक, लाल ओघळ.

कोणीतरी आधी हसलं, मग सगळा रस्ता हसला, बोर्ड धरलेले लोकही, आणि शाम ओरडून फोटो सांभाळा म्हणू लागला. सदतीस वर्षं मी ज्याचा तोरा मिरवला, ते साफ खोटं होतं. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात माझ्या कोणत्या चुकीचा झाला नव्हता.

साधना मॅडमनी ओघळाचा फोटो काढला. मग ओट्याच्या कडेवर बसून टॅबवर फॉर्म उघडला. नाव, वय, मालाचा प्रकार, वेळ सकाळी सात ते दहा. एका रकान्यावर त्या थांबल्या. जागेची ओळख. त्या म्हणाल्या की घड्याळवाला लिहिलं तर पुढच्या पाहणीत माझ्यासारखंच कोणी परत फसेल, दुसरं काहीतरी सांगा. मी लगेच म्हणालो, रुपीबाईचा ओटा लिहा. आत्ताच पत्र्यावर रंगवून देतो.

“माह्यं कायले?” रुपीबाई म्हणाली. “मी बसली हाव ना अजून. माहा नंबर मंग.” तिनं ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. “याडीचं लिवा. थे मन्सूरभाईच्या आंधीपासून बसे. थे मेली तरी ओटा घड्याळवाल्याचाच राह्यला.”

माणूस मेल्यावर जागेला त्याचं नाव लागतं, हा आमचा नियम मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचो. जमनी जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नियमात ती बसत होती, आणि आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. माझा आजा चाळीस वर्षं या रस्त्यावर गाठी वाहत होता, त्याच्या नावाचा इथे एक दगडसुद्धा नाही. निदान मला तरी सुचायला पाहिजे होतं. मला लाज वाटली, आणि ती मी तिथेच सगळ्यांसमोर बोलून दाखवली.

साधना मॅडमनी रकान्यात लिहिलं, जमनीचा ओटा. मग मला म्हणाल्या, “आता तसं तिथे दिसलंही पाहिजे, काका. हाताने लिहाल?” या वेळी त्यांनी छान म्हटलं नाही, आणि मला राग आला नाही.

बोर्ड होते तसे परत चढवले, एकही जमिनीला टेकला नाही. शामचा धंदा अजून बसलेला नाही. दुसऱ्या सकाळी मी ओट्याच्या समोरच्या बाजूवर पांढरा पट्टा ओढला आणि लाल रंगात मोठ्या अक्षरात लिहिलं. रुपीबाई वर बसून माझं डोकं आणि ब्रश पाहत होती. शेवटच्या कान्याला रंग जरा जास्त झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक थेंब खाली घसरू लागला. मी फडकं उचललं.

“राहू दे,” रुपीबाई म्हणाली. “पुढं कामी पडन.”

परवा दुपारी एक कुरियरवाला माझ्या जिन्याखाली थांबला. घामानं निथळलेला, मारेगावकडचा पोरगा. मी एका शाळेचं सुवचन लिहीत होतो, ओळ अर्ध्यावर होती, आणि ओळ अर्ध्यावर असताना कोणी बोललेलं मला खपत नाही. त्यानं विचारलं, जमनीचा ओटा कुठे आहे? आणि ही जमनी सापडेल का तिथे?

मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला. कशासाठी पाहिजे, ते विचारलं. मग उठलो, आणि त्याला सोबत घेऊन ओट्यापर्यंत चालत गेलो.